बाराच्या बँडचे पाच

थर्मन बेल्टनला ट्रॉम्बोन शिकवला तो एका न्हाव्यानं. टोपिका गावात काळ्यांच्या वस्तीत यूएल पिकन्स नावाचे गृहस्थ होते. आठवडाभर लोकांच्या दाढ्या करायचे आणि रविवारी दुपारी लॉजच्या, म्हणजे वस्तीतल्या बंधुमंडळाच्या, बँडला उभं करायचे. खुर्चीत गिऱ्हाईक असलं तरी शिकवणी थांबत नसे. थर्मन कोपऱ्यात बसून वाजवी, आणि चुकला की मिस्टर पिकन्स फेसाचा ब्रश हवेत धरून म्हणत, "पोरा, आधी चार मोज. चार मोजल्याशिवाय तोंड लावायचं नाही. बोलतानाही हे पाळलंस तर कुणाचा मार खाणार नाहीस." थर्मननं हे इतकं मनावर घेतलं की जन्मभर त्याला काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागे. त्याची बायको आयडेला चारचौघांत सांगायची, "लग्नाचं याला मीच विचारलं. उत्तर येईस्तोवर माझा नवा कोट जुना झाला."

मिस्टर पिकन्सनी त्याला आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे सूर कागदावर लिहिणं. छापून येणारी गाणी वीस वाद्यांची असत आणि रविवारी येणारे कधी नऊ, कधी सात. मग शनिवारी दुकान बंद करून ते बसत आणि त्या सात-नऊ माणसांपुरतं सगळं नव्यानं उतरवून काढत. थर्मन पट्टी धरून रेघा मारायचा. बाराव्या वर्षी तो रेघा मारत होता, पंधराव्या वर्षी सूर लिहायला लागला, आणि तेविसाव्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे चौतीस साली, ओमाहाला येऊन नेपोलियन वॉर्डलोच्या बँडमध्ये शिरला तेव्हा बँडमधल्या बारा जणांत न अडखळता लिहिणारा तो एकटाच होता. म्हणून त्याचं नाव पडलं प्रोफेसर.

नॅप वॉर्डलो स्वतः ड्रम वाजवायचा. जाडजूड, झकपक कपड्यांचा, गोड जिभेचा माणूस. त्याचा एकच दोष होता; कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याची गाडी हटकून बंद पडे.

उन्हाळाभर बँडची बस फिरायची. नेब्रास्का, आयोवा, दोन्ही डकोटा. गहू आणि मक्याच्या मधोमध असलेल्या त्या गावांत जर्मन आणि चेक शेतकरी राहायचे, त्यांना दहा वाजेपर्यंत त्यांच्याकडचा पोल्का नाच लागायचा, त्यानंतर काय वाटेल ते वाजवा. बारा काळी माणसं पोल्का वाजवताहेत याचं तिथं कुणाला काही वाटत नसे. वाजवायला ती चालत. त्याच गावच्या खाणावळीत टेबलाशी बसायला मात्र चालत नसत. पहिल्या दिवशी आयडेलानं बुटांच्या खोक्यात भरून दिलेली तळलेली कोंबडी पुरायची, पुढं सगळा कारभार डबाबंद सार्डिन माशांवर आणि खारट बिस्किटांवर. झोप बसमध्येच.

थर्मन बसमध्ये लिहायचा. मांडीवर फळी, कानात इंजिनाचा आवाज, आणि पियानो जवळपास कुठंही नाही. तो वाद्यांसाठी लिहितच नसे, माणसांसाठी लिही. तिसऱ्या ट्रंपेटवाल्या ऑरेनचे वरचे सूर फाटतात, तर त्याला मधल्या घरातच खेळवायचं. पियानोवाल्याचा डावा हात उजव्यापेक्षा हुशार, तर डाव्याला काम द्यायचं. आणि फेंटन क्वार्ल्स. हा पहिल्या अल्टो सॅक्सोफोनवर होता. त्याला जलद वाजवता येत नसे, मोजण्यातही तो चुके, पण एखादा संथ, लांब सूर धरला की गरम इस्त्री कापडावरून फिरावी तसा सगळा बँड सपाट, मऊ करून टाकी. थर्मन त्याच्यासाठी प्रत्येक गाण्यात कुठं ना कुठं तसा एक सूर ठेवायचा. फेंटनची बायको लुटिशा बँड ओमाहात असला की पहिल्या रांगेत बसे आणि तो सूर आला की डोळे मिटून घेई. थर्मन आणि फेंटन बसमध्ये तेरा वर्षं एका बाकावर बसले. फेंटन घोरायचा. थर्मननं त्याचीही सवय करून घेतली.

हिवाळ्यात रस्ते बंद झाले की दोघंही दक्षिण ओमाहातल्या मांसाच्या कारखान्यात लागत.

युद्ध संपलं आणि हवा फिरली. मोठ्या नाचघरांना कुलपं लागली, उरलेल्यांनी पैसे टाकून वाजणारी पेटी बसवली. तरुण पोरांना पाच जणांचा दणका आवडायला लागला. एक सॅक्सोफोन ओरडणारा, एक विजेची गिटार, खाली तालाचा गाडा. सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये एका रविवारी चर्च सुटल्यावर नॅप थर्मनकडं जेवायला आला. चवळी, मक्याचा पाव, हिरवी पालेभाजी. नॅप खाली मान घालून जेवत होता.

"आयडेला, तुझ्या हातच्या चवळीला तोड नाही."

"तिसऱ्यांदा वाढून घेतोयस," आयडेला म्हणाली. "काहीतरी वाईट सांगायचंय तुला. सांग लवकर, पातेल्यात फार उरली नाही."

नॅपनं चमचा खाली ठेवला. "बाराला आता कुणी बोलवत नाही, प्रोफेसर. पाच म्हणतात. पाच असाल तर या, नाहीतर पेटी आहे आमच्याकडं."

थर्मननं हातातला पाव ताटात ठेवला. मग म्हणाला, "कोण पाच?"

"ते तू लिहिशील तसं. तुझा कान माझ्याहून चांगला. तू लिही, मी वाजवतो. मी मध्ये बोलणारच नाही."

"म्हणजे कापायचं यानं," आयडेला म्हणाली, "आणि हात धुवायचे तू."

"असं काय बोलतेस, बाई!"

"मग कसं बोलू? गाण्यात बोलू?"

नॅप हसला, उरलेली चवळी संपवली आणि टोपी घालून गेला. थर्मन टेबलाशीच बसून राहिला. आयडेलानं ताटं उचलली, धुतली, पुसली. मग समोर येऊन बसली. "नाही म्हण त्याला."

"मी नाही म्हटलं तर तो दुसऱ्या कुणाकडून लिहून घेईल. तो दुसरा या माणसांना ओळखत नाही."

"ओळखून काय करणारेस? ओळखीच्या माणसानं कापलं की कमी दुखतं का?"

थर्मननं पट्टी आणि कोरे कागद काढले.

तीन नावं आपोआपच ठरली होती. नॅपचा बँड, म्हणून नॅपचे ड्रम. पियानो. बेस. चौथा क्लीटस बूथ, चोवीस वर्षांचा टेनर सॅक्सोफोनवाला. त्याच्या फुंकरीनं खिडक्यांची तावदानं थरथरायची. प्रश्न पाचव्या जागेचा होता. थर्मननं ती आधी फेंटनला देऊन पाहिली. एकदा लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं. फेंटनचा लांब सूर त्या गाडीत बसेना. क्लीटस त्याच्यावरून धडधडत निघून जाई. मग त्यानं स्वतःला घालून पाहिलं. ते कागदावर सुरेख दिसत होतं.

गुरुवारी दुपारी लॉजच्या हॉलमध्ये त्यानं तालीम लावली. काही बाया संध्याकाळच्या मासळीच्या जेवणासाठी टेबलं मांडत होत्या. थर्मन ट्रॉम्बोन घेऊन उभा राहिला, पाच जणांनी वाजवलं. चांगलं वाजलं. बाया टेबलांवर कापडं अंथरत राहिल्या. एकीनं मान वर करून "छान हं, ब्रदर बेल्टन" असंही म्हटलं.

मग थर्मननं ट्रॉम्बोन खुर्चीवर ठेवला आणि गिटारवाल्या हायरमला पुढं बोलावलं. ट्रॉम्बोनची ओळ क्लीटसला दिली, मधल्या जागा हायरमला. पुन्हा तेच गाणं. आठ-दहा मोजण्यांत एका बाईच्या हातातलं कापड तसंच राहिलं. दुसरीनं चमच्यांचा जुडगा कमरेशी धरला आणि कंबर हलायला लागली. मघाशी 'छान' म्हणणारी, साठीच्या घरातली बाई, बूट काढून मोकळी झाली होती.

थर्मन भिंतीला टेकून हे पाहत होता. ते संगीत चांगलं होतं. त्याच्या हातून लिहिलं गेलेलं सगळ्यात चांगलं असावं. त्यात त्याला कुठंही जागा नव्हती, आणि ती का नाही हे त्या हॉलमध्ये त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

शनिवारी भर दुपारी बारा जणांना बोलावलं होतं. अकराच आले. नॅपचा निरोप आला की गाडी लिंकन गावाच्या अलीकडं बंद पडलीय. थर्मन पानं घेऊन फिरला. एक पियानोवर ठेवलं, एक बेसवाल्याला दिलं, एक क्लीटसला, एक हायरमला, एक ड्रमच्या रिकाम्या स्टुलावर. मग पुढं येऊन उभा राहिला. त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. कागदांची सळसळ थांबली, ज्यांच्या स्टँडवर काहीच नव्हतं ते एकमेकांच्या स्टँडकडं बघायला लागले.

"प्रोफेसर," फेंटन म्हणाला, "माझं पान राहिलं वाटतं घरी."

थर्मनची नजर जमिनीकडं गेली. "राहिलं नाही, फेंटन. लिहिलंच नाही."

कुणीतरी खाकरलं. ऑरेननं न विचारता ट्रंपेट पेटीत ठेवायला सुरुवात केली.

"आणि तुझं?"

"माझंही नाही."

"असं." फेंटन उठला. सॅक्सोफोनचा पट्टा त्यानं गळ्यातून काढला. "म्हणजे आता आम्ही तुझी वाहवा करायची? स्वतःलाही कापलं म्हणून?"

"मी तसं म्हटलं नाही."

"नॅपनं तोंडावर सांगितलं असतं ना, तर मी नॅपला मनसोक्त शिव्या दिल्या असत्या, आणि रात्री झोपलो असतो. आता कुणाला देऊ?"

"मला दे."

"तुला नाही देत," फेंटन म्हणाला. "तुला शिवीसुद्धा नाही देत."

हा शब्द त्यानं अकरा वर्षं पाळला.

आणि ही अकरा वर्षं त्यांची समोरासमोर गेली. बँड सुटल्यावर दोघंही कारखान्यात कायमचे लागले. मुकादमानं दोघांना कातड्यांच्या तळघरात पाठवलं. ओली कातडी एकावर एक रचून मधे मीठ पसरायचं काम. कातडं जड असतं, एकट्याला अंथरता येत नाही. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं, एका झटक्यात उडवायचं. थर्मन आणि फेंटनचा झटका इतका बरोबर जमायचा की मुकादमानं ती जोडी कधी मोडली नाही. तेरा वर्षं एका बँडमध्ये श्वास घेतलेली माणसं ती. एक-दोन-तीन म्हणायचीही त्यांना गरज पडत नसे. बोलणं मात्र शून्य. अगदीच अडलं तर फेंटन छताकडं बघून म्हणे, "कुणीतरी बेल्टनला सांगा, त्याच्या बाजूला मीठ कमी पडलंय." तळघरातले बाकीचे लोक थर्मनला वळून सांगत, "फेंटन म्हणतो मीठ कमी पडलंय." थर्मन म्हणे, "त्याला सांगा, टाकतो."

पाच जणांच्या बँडनं एक तबकडी काढली. एक उन्हाळाभर चोविसाव्या रस्त्यावरच्या प्रत्येक पेटीत ती वाजत होती. थर्मन एकदा मासळीच्या दुकानात रांगेत उभा असताना ती लागली. तो ऐकत राहिला; डोक्यावरची टोपी त्यानं कधी काढून हातात धरली ते त्यालाही कळलं नाही. पेटीभोवतीची पोरं नाचत होती. त्याच्या छातीत काहीतरी फुगून आलं, अभिमानच तो. आणि त्याच जागी दुखायलाही लागलं. "काका," काउंटरमागची पोरगी म्हणाली, "मासा हवाय की गाणं? मागं रांग लागलीय." त्यानं मासा घेतला. पुढं पाचांचाही बँड टिकला नाही. क्लीटस पश्चिमेला निघून गेला आणि नॅप लोकांच्या दारोदार जाऊन अंत्यविधीचा विमा विकायला लागला. ते काम त्याला चांगलं जमलं. त्यात कुणाला 'नाही' म्हणावं लागत नाही.

अठ्ठावन्न सालच्या ऑक्टोबरात लुटिशा क्वार्ल्स वारली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, आयडेलानं दार उघडलं तर पायरीवर फेंटन. हॅट हातात, दाढी वाढलेली.

"तो आहे का?"

"आहे. आत ये, भाऊ. तुझ्या लुटिशाचं ऐकलं..."

"आत नको." थर्मन मागून आला. फेंटन त्याच्याकडं बघून बोलला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. "ती म्हणाली होती, ऑर्गन नको, आपला बँड हवा. मी म्हटलं, कुठला बँड, बाई? ती म्हणाली, असतील तेवढे. मी मोजले. गावात नऊ आहेत. मंगळवारी अकराला चर्च आहे. एक भजन, बस्स. नऊ जणांसाठी लिही."

थर्मननं चार मोजले की नाही कुणास ठाऊक. "लिहितो," तो म्हणाला.

पण बसला नाही लिहायला. कोट चढवून बाहेर पडला आणि बाकीच्या आठही जणांच्या घरी गेला. प्रत्येकाला म्हणाला, काढ वाद्य, ऐकव. ऑरेनची दोन बोटं कारखान्याच्या करवतीनं खाल्ली होती. उरलेल्या बोटांनी तो चार सूर काढू शकत होता. दुसऱ्या ट्रॉम्बोनवाल्याच्या तोंडात आता कवळी होती आणि जोरात फुंकलं की ती निसटायची. नॅपनं ड्रम विकून टाकले होते. तो म्हणाला, मी लॉजचा जुना ढोल आणतो, आणि या वेळी गाडी बंद पडणार नाही.

फेंटनकडं तो सगळ्यात शेवटी गेला. सॅक्सोफोन पलंगाखाली होता. त्याच्या भोकांवरच्या चामड्याच्या गाद्या सुकून कडक झालेल्या. फेंटन पलंगाच्या लुटिशाच्या बाजूला बसला आणि एकेक सूर काढून बघायला लागला. बहुतेक सूर नुसते फुसफुसले. तीन वाजले.

"तीनच आहेत," फेंटन म्हणाला.

"तीन पुरतात," थर्मन म्हणाला आणि खिशातल्या कागदावर ते टिपून घेतले.

पास्टरसाहेबांनी सोमवारी एक अडचण काढली. दारूच्या गुत्त्यात वाजणारा सॅक्सोफोन चर्चमध्ये कसा आणायचा? आयडेला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. "पास्टरसाहेब, तो सॅक्सोफोन अकरा वर्षं पलंगाखाली आहे. इतकी वर्षं पाप न करता तुमच्या मंडळीतलं कोण राहिलंय, मला एक नाव सांगा." पास्टरसाहेबांनी नाव सांगितलं नाही. परवानगी दिली.

मंगळवारी अकरा वाजता नऊ जण पहिल्या बाकांपुढं बसले. भजन साधं, सगळ्यांना पाठ असलेलं. थर्मननं ते इतकं संथ लिहिलं होतं की ऑरेनच्या बोटांना जागा बदलायला वेळ मिळावा, आणि इतकं हळू की कवळी जागेवर राहावी. मधे सगळे थांबत आणि फेंटनचा सूर एकटा उरे. तो सुरुवातीला थोडा थरथरला. मग सरळ झाला. लुटिशाच्या बहिणीनं डोळे मिटून घेतले. सूर संपायच्या आधीच फेंटनचा श्वास संपला. मानेच्या शिरा फुगल्या, ओठ सुटले. त्या ठिकाणी थर्मननं ट्रॉम्बोनला नेमका तोच सूर लिहून ठेवला होता. तो हळूच खालून आला आणि सूर तुटल्याचं बाकांवर कुणाला कळलं नाही. फेंटनला कळलं.

गुरुवारी फेंटन कामावर आला. सकाळभर दोघांनी कातडी उडवली. जेवणाच्या सुट्टीत फेंटन आपला डबा घेऊन थर्मनच्या शेजारी मिठाच्या पोत्यावर येऊन बसला. तळघरातले सगळे त्यांच्याकडं बघायला लागले, मग बघायचं नाही म्हणून आपापल्या डब्यात बघायला लागले.

"एक विचारू?" फेंटन म्हणाला. "त्या वेळी मला ठेवायचा प्रयत्न तरी केला होतास?"

थर्मननं घास गिळला. "केला. दोनदा लिहिलं."

"मग?"

"चांगलं वाजत नव्हतं."

फेंटननं पाव मोडला. मग त्याला हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "अरे मेल्या," तो म्हणाला, "अकरा वर्षांनी विचारतोय. निदान खोटं तरी बोलायचंस."

"मला सुचलं नाही."

"नाहीच सुचणार तुला." फेंटननं पावाचा अर्धा तुकडा त्याच्या डब्यात टाकला. "खा. आयडेलाच्या पावापेक्षा वाईट आहे, मी स्वतः भाजलाय."

पाव खरंच वाईट होता. थर्मननं तो सगळा खाल्ला. भोंगा झाला तसे दोघं उठले, फेंटननं कातड्याचं आपलं टोक धरलं आणि तळघरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बेल्टन, मीठ कमी पडलंय तुझ्या बाजूला."